फोटोपलीकडची आई, फोटोपलीकडची आजी

अहिल्याबाई होळकरांचा फोटो तुम्ही शंभर वेळा तरी पाहिला असेल. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात महादेवाची पिंड. ३१ मे जवळ आला की हा फोटो चौकातल्या फ्लेक्सवर येतो, स्टेटसला येतो आणि दोन दिवसांनी जातो. शाळेतल्या धड्यातून आपल्याला घाट, देवळं, धर्मशाळा पाठ झालेल्या असतात. परीक्षेत पाच मार्कांना तेवढं पुरतंही.

आपल्या जालना जिल्ह्याला त्या तशा लांबच्या नाहीत. अंबड परगणा तेव्हा होळकरांकडे होता. १८१८ मध्ये इंग्रजांशी तह झाला आणि होळकरांचा दख्खनेतला मुलूख गेला, त्यानंतर अंबड निजामाकडे आलं. अंबडचं खंडोबाचं देऊळ आणि गावातल्या बारवा यांच्याशी अहिल्याबाईंचं नाव आजही जोडलं जातं. मत्स्योदरी देवीला नवरात्रात जाणाऱ्यांपैकी बरेच जण या बारवांच्या जवळून जातात, पण थांबत नाहीत. इथून वेरूळला गेलात, तर घृष्णेश्वराच्या देवळालाही त्यांचाच हात लागलेला दिसतो.

पण आज देवळांची यादी बाजूला ठेवू. आज त्यांच्या घरात जाऊ. कारण ज्या बाईला सगळा मुलूख मातोश्री म्हणायचा, तिच्या स्वतःच्या घरात आई म्हणून आणि आजी म्हणून काय घडलं, हे आपल्याला फारसं कुणी सांगत नाही.

चौंडीची पोर, होळकरांची सून

जन्म ३१ मे १७२५ चा, गाव चौंडी. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मल्हारराव होळकर चौंडीला मुक्कामाला थांबले, देवळात त्यांना ही आठ वर्षांची पोर दिसली आणि तिला सून करून घ्यायचं त्यांनी ठरवलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १७३३ मध्ये खंडेरावांशी लग्न झालं आणि पाटलाची मुलगी थेट माळव्याच्या सुभेदाराच्या वाड्यात आली.

मल्हारराव स्वतः साध्या घरातले, होळ गावचे. तलवारीच्या जोरावर वर आलेला माणूस. सासू गौतमाबाई हिशेबाला पक्क्या. या दोघांनी सुनेला नुसतं चूल-मूल शिकवलं नाही. वसुली, पत्रव्यवहार, फौजेला लागणारं सामान, तोफा-दारूगोळा हे सगळं तिच्या अंगवळणी पाडलं. पुढे मल्हारराव मोहिमेवर असताना सुनेला पत्रं लिहायचे, त्यात तोफखान्याच्या कामाच्या सूचना असायच्या. विचार करा, अठराव्या शतकात सासरा सुनेला पत्रातून तोफांविषयी लिहितोय.

१७४५ मध्ये मुलगा झाला, मालेराव. १७४८ मध्ये मुलगी झाली, मुक्ता. घर भरलेलं होतं.

कुंभेर

मार्च १७५४. मराठ्यांनी भरतपूरजवळच्या कुंभेरच्या किल्ल्याला वेढा घातला होता. किल्ल्यावरून आलेल्या तोफेच्या गोळ्याने खंडेराव गेले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या. मालेराव नऊ वर्षांचा, मुक्ता सहाची.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अहिल्याबाई सती जायला निघाल्या. खंडेरावांच्या इतर स्त्रिया गेल्या. अहिल्याबाईंना मात्र मल्हाररावांनी अडवलं. साठी ओलांडलेला, एकुलता एक मुलगा गमावलेला म्हातारा सुनेपुढे हात पसरून उभा राहिला. आता तूच माझा मुलगा आहेस, तूही गेलीस तर या घराचं आणि या पोरांचं काय, असं त्याचं म्हणणं. अहिल्याबाई थांबल्या.

हा प्रसंग लक्षात ठेवा. सदतीस वर्षांनी तो परत येणार आहे आणि तेव्हा विनवणी करणारं माणूस वेगळं असणार आहे.

१७६१ मध्ये, पानिपताच्याच वर्षी, गौतमाबाई गेल्या. त्यांच्या नावावर होळकरांची खासगी जहागीर होती, ती अहिल्याबाईंकडे आली. सरकारी दौलत वेगळी आणि खासगी वेगळी, असा त्या घरात हिशेब होता. आपण ज्या देवळांची आणि घाटांची यादी पाठ करतो, त्यांचा खर्च प्रामुख्याने या खासगीच्या पैशातून झाला. रयतेच्या वसुलीतून आपलं पुण्य कमवायचं नाही, ही शिस्त पुढे त्यांनी शेवटपर्यंत पाळली. २० मे १७६६ रोजी आलमपूरला मल्हाररावही गेले.

मालेराव : एक व्हायरल गोष्ट

एक रील तुमच्याही फोनवर आली असेल. मालेरावाच्या रथाखाली वासरू येतं, गाय रस्त्यात बसते, अहिल्याबाई सुनेला न्याय विचारतात आणि मग स्वतःच्या मुलाला हातपाय बांधून रस्त्यावर टाकून त्याच्या अंगावर रथ घालायला निघतात. शेवटी गायच आडवी येते. खाली कमेंटमध्ये हात जोडलेले इमोजी.

गोष्ट ऐकायला भारी आहे. पण जवळजवळ हीच गोष्ट तमिळनाडूत एका चोळ राजाविषयी फार जुन्या काळापासून सांगतात. तिथे त्याला मनुनीती चोळ म्हणतात. न्यायी राज्यकर्ता म्हटला की लोक अशी गोष्ट त्याच्या नावावर लावतात. त्यात लोकांचं प्रेम असतं, हे खरं. पण इथे त्या गोष्टीने एका आईचं खरं दुःख झाकून टाकलंय.

खरं काय घडलं? मल्हाररावांच्या मागे सुभेदारी नातवाकडे, म्हणजे मालेरावाकडे आली. तो तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचा. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाचा. जॉन माल्कम हा इंग्रज अधिकारी १८१८ च्या सुमारास माळव्यात होता. अहिल्याबाईंना पाहिलेली माणसं तेव्हा जिवंत होती. त्यांना विचारून त्याने जे लिहिलं ते १८२३ मध्ये छापून आलं. त्याच्या लिहिण्याप्रमाणे मालेराव लहरी आणि क्रूर वागायचा. दानाच्या वस्तूंमध्ये विंचू लपवून ठेवायचा आणि घेणाऱ्याची फजिती बघायचा. आईला याचा फार त्रास व्हायचा. पुढे वाड्यातल्या एका दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून त्याने भरतकाम करणाऱ्या एका कारागिराला मारलं. नंतर कळलं की तो माणूस निर्दोष होता. तेव्हापासून मालेरावाचं मन बिघडलं. तो मेलेला माणूस आपल्याला छळतोय, असं त्याला वाटायला लागलं.

आता या आईला डोळ्यांपुढे आणा. ती रात्रंदिवस मुलाच्या पलंगाशी बसून होती. त्या काळच्या समजुतीप्रमाणे त्या मेलेल्या माणसाच्या आत्म्याला विनवत होती. तुझ्या नावाने देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, पण माझ्या पोराला सोड. आज आपण याला मानसिक आजार म्हटलं असतं, डॉक्टर गाठला असता. तेव्हा तिच्या हातात एवढंच होतं. १७६७ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर मालेराव गेला. गादीवर येऊन वर्षही झालं नव्हतं.

त्यानंतर आईनेच मुलाला संपवलं, अशी कुजबुज झाली. माल्कमने याची मुद्दाम चौकशी केली आणि त्यात काही तथ्य नसल्याचं लिहून ठेवलं. माल्कमचं सगळं ऐकीव होतं, त्यामुळे मालेरावाच्या क्रूरपणाच्या गोष्टी जशाच्या तशा घ्याव्यात का, याबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत. पण आजारी मुलाच्या उशाशी बसलेली आई आणि मुलावर रथ घालणारी आई यातली कुठली पुढे पाठवायची, हे तर आपण ठरवू शकतो ना?

घरात सुतक, दारात फौज

मुलाचे दिवस होतात न होतात तोच कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी डाव टाकला. एखादं लहान मूल दत्तक घ्या, तुम्ही देवधर्म करा, कारभार आम्ही बघतो. अहिल्याबाईंनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मी एका सुभेदाराची सून, एकाची बायको आणि एकाची आई. वारस कोण हे मीच ठरवणार. चंद्रचूडांनी राघोबादादांना बोलावलं आणि ते फौज घेऊन निघाले.

अहिल्याबाईंनी रडत बसायचं नाकारलं. शेजारच्या सरदारांना पत्रं गेली. पुण्याला माधवराव पेशव्यांकडे पत्र गेलं. स्वतः लढायला उभं राहण्याची तयारी केली. राघोबादादांना निरोप गेला, त्याचा मतलब असा की बाईला हरवलंत तर नाव होणार नाही आणि बाईकडून हरलात तर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. माधवरावांनी अहिल्याबाईंचा हक्क मान्य केला आणि राघोबांना माघार घ्यावी लागली.

फौजेसाठी त्यांनी तुकोजी होळकरांना निवडलं. ते घराण्याच्या रक्ताचे नव्हते, पण विश्वासाचे होते. वयाने मोठे असूनही ते अहिल्याबाईंना आईच म्हणत. राजधानी नर्मदेकाठी महेश्वरला आली. पुढची अठ्ठावीस वर्षं कारभार तिथूनच चालला.

दिवस कसा जायचा? पहाट व्हायच्या आधी उठणं, पूजा, पुराण ऐकणं, दानधर्म, मग साधं जेवण. दुपारपासून संध्याकाळपर्यंत दरबार. पुन्हा पूजा, थोडं खाणं आणि रात्री नऊ ते अकरा परत काम. तक्रार घेऊन आलेला कुणीही माणूस थेट भेटू शकायचा. निपुत्रिक सावकार मेला की त्याची संपत्ती सरकारजमा करायची, असा तेव्हाचा सोपा कमाईचा मार्ग. अहिल्याबाईंनी विधवांना ती संपत्ती ठेवू दिली आणि दत्तक घेऊ दिलं. विधवेला कुणी बाजूला सारायला लागलं की कसं वाटतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

दुष्काळ बघितलेल्या आपल्या जिल्ह्यात तर पुढची गोष्ट सांगायलाच हवी. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी पाजायला त्यांची माणसं रस्त्यावर असायची. नांगराला जुंपलेल्या बैलांनाही जागेवर पाणी दिलं जायचं. पाखरांना कुणी हाकलू नये म्हणून उभ्या पिकाची शेतं विकत घेऊन ठेवली जायची. मोसंबीची बाग टँकरच्या पाण्यावर जगवलेला शेतकरी तुमच्या घरात असेल, तर बैलाला पाणी पाजण्यात काय आहे, हे तो तुम्हाला सांगेल.

मुक्ता आणि नथोबा

मुलगा गेला, राहिली मुक्ता. मुलखात लुटारूंचा धुमाकूळ होता. जो त्यांचा बंदोबस्त करील त्याला मी माझी मुलगी देईन, असं अहिल्याबाईंनी दरबारात जाहीर केलं आणि यशवंतराव फणसे पुढे आले, असं सांगतात. सुभेदाराच्या घरची मुलगी कर्तबगारी बघून दिली गेली.

मुक्ताबाईंना मुलगा झाला, नथोबा. हा अहिल्याबाईंचा नातू. ज्या वाड्यातून नवरा, सासू, सासरा आणि मुलगा एकामागून एक गेले, त्या वाड्यात पुन्हा लहान मूल खेळायला लागलं. दरबारातून उठून जिच्याकडे धावत जावं अशी आजी त्याला होती आणि जिच्यासाठी दिवस संपावा असा नातू तिला होता. महेश्वरच्या वाड्यात त्याचं कोडकौतुक किती झालं असेल, याचा अंदाज आजीच्या घरी वाढलेल्या कुणालाही करता येईल.

नथोबा मोठा झाला, त्याचं लग्न झालं आणि ऐन तारुण्यात तो आजारी पडून गेला. आजीच्या डोळ्यांदेखत. तेव्हा अहिल्याबाईंनी पासष्टी गाठली होती. त्यानंतर साधारण वर्षभरात, १७९१ मध्ये, जावई यशवंतरावही गेले.

आणि मुक्ताबाईंनी सती जायचं ठरवलं.

नर्मदेचा काठ, १७९१

सदतीस वर्षांपूर्वी कुंभेरला एका म्हाताऱ्याने सुनेपुढे हात पसरले होते. आता तीच सून म्हातारी झाली होती आणि पोटच्या मुलीपुढे हात पसरत होती. मला या जगात एकटी टाकून जाऊ नकोस. आई म्हणून सांगून झालं, राज्याची मालकीण म्हणून सांगून झालं.

मुक्ताबाईंचं उत्तर शांत होतं. आई, तुझं वय झालंय. थोड्या वर्षांत तुझं आयुष्य पुरं होईल. माझा एकच मुलगा होता, तो गेला. नवरा गेला. तू गेलीस की मला जगणं असह्य होईल आणि मानाने जायची वेळ मात्र तेव्हा निघून गेलेली असेल.

इथे थोडं थांबू या. मुक्ताबाईंच्या या बोलण्यात त्या काळातल्या विधवेचं सगळं जगणं आलं. मरण तिला सोपं वाटत होतं, कारण पुढची वीस-तीस वर्षं कशी जातील हे तिला दिसत होतं. सती ही गौरवाने सांगायची गोष्ट नाही. बाईला जगायची दुसरी जागाच न ठेवणारी ती रीत होती आणि तिच्यावर कायद्याने बंदी यायला १८२९ साल उजाडावं लागलं. अहिल्याबाईंना थांबवायला मल्हाररावांकडे कारण होतं. दोन लहान पोरं होती, एक राज्य होतं, करायला काम होतं. मुक्ताबाईंना थांबवायला त्यांच्या आईकडे आईपण सोडून काही उरलं नव्हतं. जिच्या शब्दावर माळवा चालायचा, तिचा शब्द घरात चालला नाही.

मन वळत नाही म्हटल्यावर अहिल्याबाई मुलीबरोबर चालत घाटावर गेल्या. चितेजवळ उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंनी दोन ब्राह्मणांनी त्यांचे हात धरून ठेवले होते. आतापर्यंत त्यांनी स्वतःला सावरलं होतं. पहिली ज्वाळा उठली आणि ते सगळं सुटलं. त्या किंचाळल्या, धरलेले हात सोडवता येईनात म्हणून स्वतःच्याच हातांना चावल्या. नंतर कशाबशा सावरून त्यांनी नर्मदेत स्नान केलं आणि वाड्यात परतल्या. तीन दिवस जवळजवळ काही खाल्लं नाही. एक शब्द बोलल्या नाहीत.

पांढऱ्या साडीतल्या त्या शांत फोटोच्या आत ही बाई आहे.

शेवटची चार वर्षं

त्यानंतर त्या काय करू लागल्या? गेलेल्या आपल्या माणसांच्या आठवणीसाठी महेश्वरला एक सुंदर स्मारक उभारलं. आणि पुन्हा कामाला बसल्या. दरबार, तक्रारी, हिशेब, सगळं चालू राहिलं. एका विद्वानाने त्यांची स्तुती करणारं पुस्तक लिहून आणलं, तर ते ऐकून घेतलं आणि नर्मदेत टाकायला लावलं. माझ्यासारख्या बाईविषयी एवढं लिहिण्यासारखं काही नाही, असं त्यांचं मत.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वरलाच त्या गेल्या. वय सत्तर वर्षांचं. मुलगा, मुलगी, नातू कुणीच मागे नव्हतं. दौलत तुकोजींकडे गेली.

मागे राहिलं ते आपण रोज बघतो. १७८० मध्ये उभं राहिलेलं काशी विश्वनाथाचं देऊळ, गयेचं विष्णुपद मंदिर, सोमनाथचं देऊळ. महेश्वरला कारागीर आणून त्यांनी विणकामाला बळ दिलं. ती महेश्वरी साडी आज तुमच्या आईच्या किंवा मावशीच्या कपाटात असेल. इंदूरच्या आणि सोलापूरच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. त्या विद्यापीठांत शिकणाऱ्या मुली अठ्ठावीस वर्षांच्या होतात तेव्हा त्यांच्यापैकी बहुतेकींना कुणाच्या चितेकडे बघत आपल्या आयुष्याचा निर्णय घ्यावा लागत नाही. मुक्ताबाईंना हे मिळालं नव्हतं.

पुढच्या ३१ मेला स्टेटस ठेवा, अवश्य ठेवा. पण त्याखाली रथाची गोष्ट टाकण्याआधी मालेरावाच्या उशाशी बसलेल्या आईची गोष्ट कुणाला तरी सांगा. कधी महेश्वरला गेलात, तर घाटावर सेल्फी काढून झाल्यावर मुक्ताबाईंच्या आठवणीची जागा कुठे, असं तिथल्या एखाद्या नावाड्याला विचारा. आणि घरात आजी असेल, तर एवढं करा. तिच्या घरातली कोण कोण माणसं तिच्या देखत गेली आणि दुसऱ्या दिवशी ती कशाला उठली, हे एकदा तिच्याजवळ बसून विचारा. आपल्याकडे आज्यांना हे सहसा कुणी विचारत नाही.